उलटी तारीख

पूर आला त्या साली शाहूपुरीत
माझ्या अकरा कुंड्या तरंगत गेल्या.
प्लास्टिकच्या, लक्ष्मीपुरीतून घासाघीस करून आणलेल्या.
कोरफड तर ऐटीत गेली,
नावेत पुढं बसलेल्या पाहुणीसारखी.
पाणी उतरल्यावर एक सापडली सासन्यांच्या जिन्यात,
बाकीच्यांचा पत्ता नाही.
आणि मी बत्तीस वर्षं पोस्टात होते!

म्हणून यंदा जड कुंडी.
उचलून दाखव म्हणावं पंचगंगेला.

अंगणात बुड कापलेली बादली,
रंगाचा रिकामा डबा, घमेलं,
शेजारच्या बांधकामावर उरलेलं अर्धं पोतं सिमेंट,
आणि मी,
उलथनं नव्हे, थापी धरून.

बाबालाल मुल्लाणी भिंतीपलीकडून बघत होते.
शिरोलीच्या फौंड्रीत चौतीस वर्षं मोल्डर;
गुडघे गेले, नजर तेवढी राहिली.
"वैनी, डबा सरळ कशाला ठेवलाय?
पालथा घाला. बादली बी पालथी, त्याच्यावर.
कुंडी मागनं हुती.
आधी पोकळी करायची.
ती नीट बसली की भोवतीचं आपसूक बसतंय."

मग भिंतीला वळसा घालून आलेच ते,
सोबत नातू, उसाचं कांडं चोखत.
बादलीला आतून तेल लावायचं, डब्याला बाहेरून.
"गाडीचं काळं नको, झाड रुसतंय. शेंगतेल लावा."
मी भाव सांगितला.
"मग तळणीतलं लावा."

पाणी निघायच्या भोकासाठी
मी पाइपचा तुकडा शोधत होते.
त्यांनी नातवाच्या हातातलं कांडं घेतलं,
चाकूनं बेतलं,
डब्याच्या बुडावर मधोमध उभं केलं.
नातू रडला. त्याला दुसरं द्यावं लागलं.

एक सिमेंट, दोन वाळू, तीन बारीक खडी.
पाणी थालीपिठाइतकं,
आंबोळीइतकं नको.
ओतत गेले आणि बादलीला बाहेरून
लाटण्यानं ठोकत राहिले,
तसे बुडबुडे वर आले,
फुटले, काही बोलायचं राहून गेल्यासारखे.

ती पहिली कुंडी मी संध्याकाळीच उघडली.
राहवलं नाही.
तीन तुकडे झाले.
बाबालाल तुकडे जुळवून बघत म्हणाले,
"आमची बी फुटायची.
पण आमी वितळवून परत ओतायचो.
हिचं तसं न्हाई."

दुसरीला दोन दिवस हात लावला नाही.
नंतर सात दिवस ओलं गोणपाट,
सकाळ-संध्याकाळ तांब्यानं पाणी.
बोटांची सालं निघाली.
पोस्टातल्या शाईनं नुसतं जांभळं केलं होतं.

आता त्या ओतण्याच्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं.
वरचं बूड ओलं होतं तेव्हा
बाबालालनी खिळा घेतला आणि तारीख कोरली,
भराभर, न थांबता,
आकडे उजवीकडून डावीकडं,
एकेक आकडा पाठमोरा.
साच्यात तसंच कोरावं लागायचं म्हणे,
म्हणजे लोखंडावर सरळ उठायचं.
इथं साचा नव्हता, ही खुद्द कुंडीच होती,
हे त्यांच्या ध्यानात आलं खिळा पुसताना.
"पुसतो," म्हणाले, अंगठा पुढं करत.
"राहू दे," म्हटलं, "मला वाचता येती."
खोटं नव्हतं ते.
रोज सकाळी शिक्क्यात उलटे आकडे बसवायचे मी,
चिमट्यानं,
आणि दिवसभर ती तारीख
सरळ होऊन गावोगाव जायची.

कुंडी अशी झाली:
एका अंगाला थोडी बसकी,
काठावर लाटण्याचा वण.
भोकातलं कांडं आठवड्यात आकसलं,
काडीनं ढकललं तर पडलं.
मुंग्या चार दिवस येत राहिल्या.
कढीपत्ता लावलाय. अजून विशेष काही नाही,
सहा डहाळ्या.

परवा दोघांनी मिळून कुंडी सरकवली,
ऊन लागेना म्हणून.
खालची माती ओली, गाळाची,
पुरानंच आणून टाकलेली.
तिच्यावर तारीख उठली होती,
ठसठशीत,
सरळ.

बाबालाल वाकून बघत राहिले,
गुडघे विसरून.
मग नातवानं त्यावर पाय दिला.